हवेत थांबणारी माशी राहते कुठे?

प्रश्न : जानेवारीत करडईच्या पट्ट्यातून जाताना काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक बारीक माशी फुलासमोर हवेत एकाच जागी थांबलेली दिसते. हात जवळ नेला की झटकन बाजूला सरकते आणि पुन्हा येऊन तिथेच थांबते. आमच्याकडे कोणी तिला मधमाशीचे पिल्लू म्हणते, कोणी गांधीलमाशी. ही नक्की कोण? चावते का? (पलूस, जि. सांगली)

उत्तर : ही मधमाशीही नाही आणि गांधीलमाशीही नाही. घरात येणारी माशी आणि डास ज्या द्विपंखी कीटकांच्या गणात मोडतात, त्याच गणातली ही आहे. तिचे कुळ सिरफिडी. कृषी खात्याच्या पत्रकांत तिला सिरफीड माशी म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतले हॉवरफ्लाय हे नावही आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. तिला नांगी नाही आणि चावायला जबडाही नाही. मनगटावर बसलीच तर घामातले क्षार टिपते आणि उडून जाते. लहान मुलांनी बिनधास्त जवळून पाहावी अशी ही माशी आहे.

ओळखायची असेल तर आधी पंख मोजा. मधमाशी आणि गांधीलमाशी यांना पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी दोन बारीक गाठी उरल्या आहेत. उडताना त्या पंखांच्या तालात हलतात आणि शरीर किती वळले, किती कलले याची खबर देतात. वाऱ्याची झुळूक आली तरी माशी जागची हलत नाही याचे मोठे श्रेय या गाठींना आहे. पंख सेकंदाला शंभराहून अधिक वेळा हलतात, म्हणून ते दिसत नाहीत, नुसती धूसर झाक दिसते. आता चेहरा पाहा. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या असतात, हिच्या मिशा आखूड, जेमतेम दिसतील अशा. डोळे मात्र डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे. नराचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना टेकतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट राहते. भिंग घेतले तर पंखावर आणखी एक खूण सापडेल : इतर शिरांना न जोडलेली, मधेच सुरू होऊन मधेच संपणारी एक खोटी शीर. या कुळातल्या जवळजवळ सगळ्या माश्यांना ती असते आणि कीटकशास्त्रज्ञ तिच्यावरूनच कुळ पक्के करतात.

पिवळे-काळे पट्टे हे तिचे संरक्षण आहे. नांगीचा अनुभव एकदा घेतलेला पक्षी तशा रंगाच्या कीटकाला पुन्हा चोच लावताना थबकतो, आणि त्या भीतीचा फायदा या निरुपद्रवी माशीला मिळतो. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने अॅमेझॉनच्या जंगलातील फुलपाखरांवरून ही गोष्ट १८६२ मध्ये मांडली. त्याला ती अॅमेझॉनमध्ये दिसली. तुमच्या बांधावरची सिरफीड माशी तोच नियम रोज पाळते आहे.

करडईवर तुम्ही पाहिलेली माशी बहुधा इस्चिओडॉन स्कुटेलॅरिस असावी. आपल्या पठारावरच्या रब्बी पिकांत ही सर्रास आढळते : चेहरा पिवळा, छातीच्या कडांना पिवळी किनार, काळ्या पोटावर जोडीजोडीने वाकडे पिवळे पट्टे. पोट नारिंगी असून त्यावर प्रत्येक खंडात एक जाड आणि एक बारीक अशा दोन काळ्या रेघा असतील, तर ती एपिसिरफस. आणि घरमाशीपेक्षाही लहान, काळी किंवा तांबूस पोटाची, गवताच्या उंचीवरच फिरणारी असेल, तर पॅरागस.

प्रश्न : ही माशी मी महाबळेश्वरला पाहिली, साताऱ्यात बागेत पाहिली आणि जतला बहिणीच्या शेतातही पाहिली. पण तिचे पोळे किंवा घरटे कुठेच दिसले नाही. मग ती राहते कुठे? (सातारा)

उत्तर : या सदराकडे आलेल्या पत्रांत मला सर्वांत आवडलेला हा प्रश्न, कारण त्याचे उत्तर माशीकडे पाहून मिळतच नाही. ते तिच्या अळीकडे पाहून मिळते.

मधमाशीला घर लागते, कारण तिला पिल्ले वाढवायची असतात आणि मध साठवायचा असतो. सिरफीड माशी यातले काहीच करत नाही. फुलातला मध आणि पराग खाऊन ती स्वतःचे पोट भरते. मादीला तर पराग खाल्ल्याशिवाय अंडी पिकवता येत नाहीत, म्हणून ती फुलांवर जास्त रेंगाळते. मग अळीचे पोट भरेल अशा जागी ती अंडी घालते आणि पुढे निघून जाते. माशीला फक्त फूल हवे असते, आणि फूल काय, कुठेही असते. अळीच्या गरजा मात्र फार नेमक्या. त्यामुळे एखाद्या गावात कोणत्या जातीच्या माश्या दिसणार हे तिथे अळीला काय मिळते यावर ठरते.

या कुळात जगभरात ६ हजारांहून अधिक जाती आहेत, भारतात साधारण साडेतीनशे. आणि त्यांच्या अळ्यांच्या राहण्याच्या तऱ्हा इतक्या वेगवेगळ्या आहेत की एकाच कुळातली ही भावंडे आहेत यावर विश्वास बसू नये. एका मोठ्या गटाच्या अळ्या पानांवर राहतात आणि मावा खातात. दुसऱ्या गटाच्या अळ्या शेणाच्या, कुजक्या पाण्याच्या डबक्यात राहतात. काही जाती जुन्या झाडांच्या ढोलीत साठलेल्या ओल्या भुशात किंवा कुजलेल्या लाकडात वाढतात. युमेरस गटाच्या अळ्या कंदांत शिरतात. आल्याच्या सडलेल्या कंदांतूनही त्या मिळाल्या आहेत. (सांगलीच्या हळद-पट्ट्यातील वाचकांसाठी एक खुलासा : तुमची नेहमीची कंदमाशी ही लांब पायांची, वेगळ्याच कुळातली माशी आहे. तिच्या नावाने सिरफीड माशीला दोष देऊ नका.) आणि मायक्रोडॉन गटाच्या अळ्या चक्क मुंग्यांच्या वारुळात राहून मुंग्यांची अंडी-पिल्ले खातात. ही अळी इतकी चपटी, बिनपायांची आणि संथ असते की एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तिची नोंद गोगलगायीच्या जातीचा एक मृदुकाय प्राणी म्हणून केली होती.

आता तुमच्या तीन ठिकाणांकडे येऊ. महाबळेश्वरात वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी येते आणि तिथे सरासरी जेमतेम ५०० मिलिमीटरचा हिशेब. महाराष्ट्रात इतक्या थोड्या अंतरात इतका फरक फार कमी ठिकाणी सापडेल. पश्चिमेला कोयना आणि चांदोलीचे सदाहरित व निमसदाहरित जंगल, मधे कृष्णा-वारणेकाठचा ऊस, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळची माळराने आणि ज्वारी-करडई. पण मावा या तिन्ही पट्ट्यांत आहे! महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर आहे, साताऱ्यातल्या बागेत गुलाबाच्या कळीवर आहे, जतच्या ज्वारीच्या पोंग्यात आहे. म्हणून मावा खाणाऱ्या जाती तुम्हाला तिन्हीकडे भेटल्या. ढोलीत किंवा कुजक्या ओंडक्यात वाढणाऱ्या जाती जतला भेटणार नाहीत. त्यांना पडलेले झाड जागेवर कुजू देणारे, सावलीचे, ओलसर जंगल लागते. मिलेशिया नावाच्या मोठ्या, हुबेहूब गांधीलमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्या याच प्रकारातल्या. कोयना-चांदोलीच्या जंगलाची किंमत करताना आपण वाघ, गवा आणि शेकरू मोजतो, ते योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की पडलेला ओंडकाही मोजावा. साफसफाईच्या नावाखाली तो उचलून नेला की त्यात वाढणारी एक अख्खी वस्ती जाते, आणि ती कोणाच्या यादीतही नसते.

यादीचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. भारतातल्या सिरफीड माश्यांची पहिली मोठी नोंद एन्रिको ब्रुनेटी यांनी केली. ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसंपदेवरील ग्रंथमालेतला त्यांचा खंड १९२३ मध्ये निघाला. हे गृहस्थ पेशाने संगीतकार होते, कलकत्त्यात वाद्य वाजवून पोट भरायचे आणि उरलेला वेळ माश्यांना द्यायचे. पुढे कुमार घोरपडे यांनी भारतीय उपखंडातील सिरफीड माश्यांच्या वर्गीकरणावर दीर्घकाळ काम केले आणि जाती ओळखण्याच्या किल्ल्या तयार केल्या. आपल्या भागातले शिवाजी विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत पसरलेली आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने आपापल्या तालुक्याची यादी केली, तर चित्र किती स्पष्ट होईल!

प्रश्न : करडईच्या शेंड्यावर काळा मावा आहे. त्यातच हिरवट-पांढुरक्या, बिनपायांच्या अळ्या दिसतात. दुकानदार म्हणतो, मावा आणि अळी दोन्हीसाठी एकच औषध मारा. मारू का? (आटपाडी)

उत्तर : आधी ती अळी पान खाते का ते पाहा. पाने कुरतडणाऱ्या अळीला स्पष्ट डोके असते, पाय असतात, पानाला भोके पडतात आणि खाली विष्ठेच्या गोळ्या दिसतात. तुम्ही वर्णन केलेल्या अळीला यातले काही नाही. पुढचे टोक निमुळते, मागचे जाड, डोळे नाहीत, पाय नाहीत, आणि कातडी इतकी पातळ की आतली आतडी दिसावी. तिच्या आसपास माव्याच्या रिकाम्या, सुकलेल्या साली पडलेल्या असतील. ही सिरफीड माशीची अळी आहे. तिला मारणे म्हणजे राखणदाराला हाकलणे.

मादी माव्याच्या वसाहतीजवळ एकेक पांढरे, लांबट, मिलिमीटरभराचे अंडे चिकटवते. दोन-तीन दिवसांत अळी बाहेर येते. तिला दिसत नाही. वासावर आणि स्पर्शावर ती डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत शोध घेते, मावा लागला की तोंडातल्या आकड्याने धरून उचलते, पानापासून वर अधांतरी करते म्हणजे त्याला पळता येत नाही, आणि आतला रस शोषून साल टाकून देते. हे काम ती जास्त करून रात्री करते. दिवसा पानाच्या बेचक्यात पडून राहते, म्हणूनच शेतकऱ्याच्या नजरेत भरत नाही. पूर्ण वाढ होईपर्यंत एक अळी काही शे मावा संपवते. मग पोटात साठवलेला सगळा मळ एकदम काळ्या तेलकट डागाच्या रूपाने टाकते आणि पानावरच थेंबाच्या आकाराचा कोश करते. अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास थंडीत साधारण तीन आठवड्यांचा.

आता औषधाचे. शेंडे मोजा. दर चार-पाच शेंड्यांमागे एखादी अशी अळी, शिवाय ढालकिड्याच्या अळ्या, क्रायसोपाची दांडीवरची अंडी दिसत असतील, तर थांबा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा. मावा घटत असेल तर फवारणीचा खर्च वाचला. मित्रकीटक अजिबात नसतील आणि मावा वाढतच असेल, तर फवारणी करावी लागेल हे मान्य. मात्र तेव्हाही सगळ्या शेतावर सरसकट न मारता ज्या ओळींत मावा जास्त आहे तिथेच मारा, निंबोळी अर्कापासून सुरुवात करा आणि फूल उमललेले असताना दुपारी मारू नका. एक महत्त्वाची गोष्ट : मावा भराभर वाढतो, माशी त्याच्या मागून येते. मधे आठवडा-दीड आठवड्याचे अंतर पडते. याच अंतरात घाबरून फवारणी होते, येऊ घातलेल्या अळ्या मरतात आणि मावा काही दिवसांत पुन्हा उठतो, या वेळी त्याला खाणारे कोणीच नसते. पिवळे चिकट सापळेही जपून वापरा. पिवळ्या रंगाला सिरफीड माशीही फुलासारखीच भुलते आणि चिकटते.

राखणदार हा शब्द मी उगीच वापरला नाही. २००२ साल आठवा. जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला. हा कीटक ईशान्य भारतात आधीपासून होता, पण महाराष्ट्रातल्या ऊसकऱ्याने तो पाहिलेला नव्हता. पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणकट लोकरीचा थर, वरच्या बाजूला चिकट गोड स्राव, त्यावर काळी बुरशी, आणि बघता बघता फडच्या फड काळे. तिथून तो सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकात पसरला. लोकांनी मिळेल ते औषध मारले. पण दहा फूट वाढलेल्या दाट उसात आत शिरून पानाखाली फवारणार कसे, आणि मेणावर औषध चिकटणार कसे? शेवटी वळावे लागले ते मित्रकीटकांकडेच. डिफा नावाच्या पतंगाची अळी, मायक्रोमस नावाचा तपकिरी जाळीदार पंखांचा कीटक आणि युपिओडिस कॉनफ्रेटर ही सिरफीड माशी, अशी तिन्ही लोकरी माव्यावर ताव मारताना फडात सापडली. कृषी विद्यापीठे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, बेंगळुरूची जैविक नियंत्रण संस्था यांनी डिफा आणि मायक्रोमस वाढवून वाटले. शेतकऱ्यांनी अळ्या-कोश असलेली पाने एका फडातून काढून दुसऱ्यात बांधली. काही वर्षांत लोकरी मावा आटोक्यात आला.

या तिघांत मोठा वाटा डिफा आणि मायक्रोमसचा, सिरफीड माशीचा त्यांच्या मागोमाग. तिचे काम सोपेही नव्हते. लोकरी माव्याच्या लहान पिल्लांच्या कपाळावर बारीक शिंगे असतात, आणि ती पिल्ले शत्रूवर, त्याच्या अंड्यांवरही तुटून पडतात, असे जपानमधल्या अभ्यासात दिसले आहे. अशा वसाहतीत अंडे घालून अळी वाढवणारी ही माशी कोणी आणून सोडलेली नव्हती. ती आपल्याच बांधांवरून आली. डिफा आणि मायक्रोमसच्या पेट्या भरता येतात, पण बांधावरची ही फौज पेटीत मिळत नाही. ती आधीपासून शेताच्या आजूबाजूला जगत असावी लागते.

आणि म्हणूनच तुम्ही करडई लावता याचा मला मनापासून आनंद झाला. जुन्या लोकांनी ज्वारीच्या कडेने करडईचे तास घेतले ते काट्यांमुळे जनावर आत शिरू नये म्हणून. पण त्याचा आणखी एक फायदा होत होता. करडईवरचा मावा वेगळा, ज्वारीवरचा वेगळा. करडईचा मावा ज्वारीला त्रास देत नाही, पण त्यावर पोसलेल्या माश्या ज्वारीत चिकटा पडू लागला की तिथे अंडी घालायला येतात. करडईचे क्षेत्र गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात फार घटले. भाव मिळत नाही म्हणून घटले, काढणीला मजूर मिळत नाही म्हणून घटले. त्याबरोबर मित्रकीटकांचे हिवाळी कोठारही गेले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

करडई जमत नसेल तर कोथिंबीर, बडीशेप किंवा शेपूच्या दोन ओळी बांधालगत फुलू द्या. सिरफीड माशीची सोंड आखूड असते. तिला उघडी, उथळ, लहान फुले सोयीची पडतात.

प्रश्न : गोठ्यामागच्या शेणपाण्याच्या खड्ड्यात लांब शेपटीच्या पांढऱ्या अळ्या वळवळत आहेत. जनावरांच्या पोटातून पडल्या असे घरचे म्हणतात. जंताचे औषध द्यावे का? (कराड तालुका)

उत्तर : देऊ नका, त्या जनावराच्या पोटातून आलेल्या नाहीत. याही सिरफीड माशीच्याच अळ्या, मावा खाणाऱ्या अळ्यांपेक्षा वेगळ्या शाखेतल्या. शेपटी दिसते ती श्वास घेण्याची नळी आहे. एकात एक सरकणारे तिचे तीन भाग असतात. पाण्याची खोली वाढेल तशी अळी ती लांबवते, टोक पृष्ठभागावर ठेवते आणि स्वतः तळाशी गाळ गाळून त्यातले जिवाणू खात बसते. जिथे विरघळलेला प्राणवायू जवळपास नसतो, अशा पाण्यात तिला जगता येते ते या नळीमुळे. गोबरगॅसच्या मळीचा खड्डा, उकिरड्याच्या कडेचे डबके, गुऱ्हाळामागची गटार या तिच्या आवडत्या जागा. वाढ झाली की ती बाहेर येऊन काठच्या कोरड्या मातीत कोश करते.

तिच्यापासून होणारी माशी मधमाशीएवढी, गडद आणि जाडजूड असते. आपल्या पठारावर इरिस्टॅलिनस गटातल्या जाती जास्त दिसतात, त्यांच्या डोळ्यांवर ठिपके किंवा उभे पट्टे असतात. एकदा त्या डोळ्यांकडे जवळून पाहा, मग ही माशी विसरता येणार नाही. जगभर पसरलेली तिची चुलत बहीण इरिस्टॅलिस टिनॅक्स मधमाशीशी इतकी मिळतीजुळती आहे की प्राचीन ग्रीक-रोमन लोक बैलाच्या कुजक्या शवातून मधमाश्या जन्मतात असे मानत. शवाच्या पाण्यात वाढून बाहेर पडणाऱ्या या माश्यांना ते मधमाश्या समजत होते, हे ओस्टेन-साकेन या माशीतज्ज्ञाने १८९४ मध्ये दाखवून दिले. तोवर दोन हजार वर्षे गेली होती.

खड्ड्यातले पाणी पिण्याच्या पाण्यात किंवा चाऱ्यावर येणार नाही एवढे पाहा. दूषित पाण्याबरोबर ही अळी माणसाच्या पोटात गेल्याच्या घटना क्वचित घडतात. बाकी तिला तिथे राहू द्या. घाण पाण्यातला गाळ खाऊन पुढे फुलांवर जाणारा जीव आहे तो.

प्रश्न : कासला फुलांच्या हंगामात गेलो तेव्हा मधमाश्यांपेक्षा या माश्याच जास्त दिसल्या. फुलांना त्यांचा उपयोग होतो का? (सांगली)

उत्तर : होतो. कासचा सडा समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर, जांभ्या दगडाचा, मातीचा थर पातळ. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले त्यात त्याचाही समावेश आहे. तिथली सगळीच फुले या माशीच्या कामाची नाहीत. सीतेची आसवे किंवा तेरडा यांच्या फुलाला मागे शेपटीसारखी मधाची नळी असते, तिथवर तिची सोंड पोहोचत नाही. पिवळी सोनकी आणि तिच्यासारखी उघडी फुले तिच्या हक्काची. ढगाळ, गार हवेत मधमाश्या बाहेर पडायला कचरतात तेव्हाही काही सिरफीड माश्या कामाला लागलेल्या असतात, आणि सप्टेंबरच्या कासला ढगाळ हवा काही दुर्मीळ नाही. तिच्या पायांवर परागाच्या पिशव्या नसतात, पण अंगावरच्या लवेला चिकटून पराग एका फुलावरून दुसऱ्यावर जातो.

महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. देशातले असे ते पहिले गाव. तिथे सातेरी मधमाशीला जे प्रेम मिळाले त्यातले थोडे या माशीलाही मिळावे. विशेषतः स्ट्रॉबेरी उत्पादकांकडून, कारण ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मावा खाणाऱ्या सिरफीड माश्या सोडलेल्या झाडांवर स्ट्रॉबेरीचे उत्पन्न लक्षणीय वाढलेले आणि वेडीवाकडी फळे कमी झालेली आढळली. अळीने मावा खायचा आणि माशीने फळ धरवायचे, अशी दुहेरी कामगिरी मधमाशीलाही जमत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात या माश्या कुठे जातात? (जत)

उत्तर : तुमच्याकडे मार्चनंतर रान सुकते, मावा संपतो, मग माश्याही दिसेनाशा होतात. काही जाती ओढ्याकाठच्या सावलीत, पाटाच्या पाण्यावरच्या भाजीपाल्यात आणि बागांत तग धरतात, काही दूर उडून जातात. या माश्यांची उडण्याची ताकद कमी समजू नका. दक्षिण इंग्लंडवरून दरवर्षी ये-जा करणाऱ्या सिरफीड माश्या रडारने मोजल्या तेव्हा आकडा ४ अब्जांपर्यंत गेला. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचे पाणी पोहोचल्यापासून तुमच्या भागात उन्हाळ्यातही हिरवे तुकडे दिसू लागले आहेत. एप्रिलमध्ये तिथे जाऊन पाहा आणि काय दिसले ते कळवा.

प्रश्न : शाळेत मुलांना ही माशी कशी दाखवावी? जाळीने पकडणे मला पटत नाही. (शिक्षिका, वाळवा तालुका)

उत्तर : पकडू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी ऊन पडल्यावर, मुलांना कोथिंबिरीच्या किंवा मोहरीच्या फुलोऱ्यासमोर दहा मिनिटे नुसते बसवा. सावली फुलांवर पडू देऊ नका. कोणत्या फुलावर किती माश्या आल्या, हवेत थांबल्या की बसल्या, एवढेच लिहायचे. मोबाइलने वरून एक आणि समोरून एक असे दोन फोटो घेतले तर पोटावरचे पट्टे आणि चेहरा दोन्ही मिळतात. ओळखायला ते पुरते. तुमच्याजवळच सागरेश्वर आहे. उघड्या डोंगरावर लोकांनी झाडे लावून उभे केलेले ते अभयारण्य. पावसाळ्यानंतरच्या सहलीत हीच नोंद तिथे करून शेतातल्या नोंदीशेजारी ठेवा, फरक मुलांना आपोआप दिसेल.

अळीही दाखवता येईल. मावा लागलेला एखादा शेंडा अळीसकट काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधा आणि दोन दिवसांनी ताजा मावा द्या. कोश झाला की आठवडाभर वाट पाहायची. कधी कोशातून माशीऐवजी लालसर पायांची बारीक गांधीलमाशी बाहेर येईल. मुले हिरमुसतील, पण तिलाही वहीत जागा द्या. ती डिप्लाझोन, सिरफीड माशीच्या अंड्यात किंवा कोवळ्या अळीत आपले अंडे घालणारी. ज्या वर्षी ती जास्त असते त्या वर्षी मावा का हटत नाही, हे त्या वहीवरूनच मुलांना सांगता येईल. पाहून झाले की दोघींनाही त्याच फुलोऱ्यावर सोडून द्या.